केसरनं पान्हा चोरला

सुचिताबाई बंगळूरला जायला निघाल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाणी आपल्यासाठी आहे असं दिनानाथ राऊतांना निदान अर्धा मिनिट तरी वाटलं. मग त्यांच्या खांद्यावरून पलीकडे गोठ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "केसर, बाय माझी, नीट राहा गं," आणि गाडीत बसल्या.

लेकीचं, साक्षीचं, पहिलं बाळंतपण झालं होतं. जाणं भागच होतं. गाडी वाडीच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत काचेतून सूचना येत होत्या. पेंड कोमट पाण्यात भिजवा. भुसा चाळून घ्या. कानामागे गोचीड बघत जा. संध्याकाळी तिला एकटं वाटतं, जरा जाऊन बसा. "आणि मला संध्याकाळी कसं वाटतं?" हा प्रश्न दिनानाथरावांच्या ओठांपर्यंत आला होता. पण ज्यानं अलिबागच्या कोर्टात सगळी नोकरी नाझर म्हणून काढली, तो माणूस असले प्रश्न रस्त्यावर उभं राहून विचारत नसतो.

नाझर म्हणजे काय, हे आजकाल सांगावं लागतं आणि सांगावं लागलं की दिनानाथरावांना वाईट वाटतं. कोर्टाची समन्सं, जप्त्या, हुकूम ज्याच्या हाताखालून बाहेर पडतात तो नाझर. निवृत्त झाले तरी चौलात त्यांना सगळे नाझरसाहेबच म्हणत. गुरांशी त्यांचा जो काही संबंध आला होता तो जप्तीच्या पंचनाम्यापुरता : म्हैस एक, रंग काळा, डावे शिंग मोडके. ही म्हैस दूध कशी देते, हा मुद्दा कोर्टापुढे कधी आला नव्हता.

केसर घरात आली ती औषध म्हणून. आई गेल्यावर सुचिताबाईंना काही गोड लागेना, घास उतरेना. डॉक्टर म्हणाले, मन रमेल असं काहीतरी करा. दिनानाथरावांनी भिंतभर टीव्ही आणला. सुचिताबाईंनी भावाला सांगून माणगावहून एक तांबूस संकरित कालवड आणली. टीव्हीपुढे दिनानाथराव रमले आणि कालवडीपुढे सुचिताबाई. वर्षाच्या आत त्या पहिल्यासारख्या हसू लागल्या, रागावू लागल्या. कालवडीची गाय झाली, तिची पाडी मोठी होऊन माणगावला भावाकडे गेली आणि घरच्या दुधाचा चहा ही नाझरसाहेबांना स्वतःचीच कर्तबगारी वाटू लागली.

धार काढायला अंबाजीला ठरवलं होतं. आळीतल्या चार घरची गुरं त्याच्या हातावर. पहिल्या संध्याकाळी तो केसरच्या पोटाला टेकून बसला, कासेला हात लावला, आणि पुढच्या क्षणी बादली गव्हाणीत, अंबाजी शेणात आणि केसर शांतपणे माडाकडे बघत उभी.

"पान्हा चोरते," अंबाजी कपडे झटकत म्हणाला.

दिनानाथरावांना चोरीचा आरोप गंभीर वाटला. "चोरते म्हणजे?"

"दूध वर वढून घेते, नाझरसाहेब. कासंत हाय, पन देत न्हाय. धनीण न्हाय ना."

सकाळी तेच. संध्याकाळी तेच. चौथ्या वेळी अंबाजीनं मागचे पाय बांधून बघितले, तर तिनं शेपटी अशी मारली की त्याला उजव्या डोळ्यानं चौल दिसेना. मग त्यानं सांगून टाकलं, की नाझरसाहेबांचा मान मोठा आहे, पण डोळे दोनच आहेत.

रोज संध्याकाळी बंगळूरहून फोन यायचा. "केसर जेवली का?" "जेवली." "दूध?" "भरपूर." ज्या माणसानं उभ्या नोकरीत लोकांना शपथेवर खरं बोलायला लावलेलं पाहिलं, त्यानं सलग तीन दिवस खोटी साक्ष दिली. बाईंचा जीव तिकडे अर्धा होऊ नये म्हणून. शिवाय व्हिडिओवर त्यांना बाई दिसतच नसत. फोन बाळाच्या पाळण्यावर धरलेला, बाळ पांघरुणात, आणि उरलेल्या चौकोनात बंगळूरचा पंखा. टीव्हीचा आवाज कमी करा म्हणणारं घरात कुणी नव्हतं, म्हणून दिनानाथरावांनी तो आपणच कमी केला. मग बंद केला.

गाय दूध देत नाही ही बातमी चौलातून नागावपर्यंत जायला एक दिवस पुरला, आणि उपाय यायला सुरुवात झाली. शेजारच्या मनुबाईंनी निवडुंगाच्या कुंपणापलीकडूनच दृष्ट काढली. कुणी म्हणालं मिठाचा खडा बांधा, कुणी म्हणालं गोठ्याचं तोंड फिरवा. नागावला होमस्टे चालवणारा विनेश स्वतः स्पीकर घेऊन आला. "काका, बासरी. परदेशात गाईंना बासरी ऐकवतात." बासरी सुरू झाली. केसरचे कान खरोखरच सैल पडले. तेवढ्यात बासरीच्या मधोमध कुठल्याशा पानमसाल्याची जाहिरात किंचाळली आणि केसरनं गव्हाणीची एक फळी मोडली. विनेश म्हणाला, जाहिरात नको असेल तर महिन्याची वर्गणी भरावी लागते.

चौथ्या दिवशी केसरनं पेंडीला तोंड लावलं नाही. कास दगडासारखी टणक झाली. तेव्हा मात्र इस्त्रीचा शर्ट घालून दिनानाथराव गुरांच्या सरकारी दवाखान्यात गेले.

"कानातला बिल्ला नंबर?" टेबलामागच्या माणसानं विचारलं. दिनानाथरावांनी तो हातावर लिहून आणला होता. त्यानं मोबाईलमध्ये घातला. "मालक सुचिता दिनानाथ राऊत. त्यांच्या फोनवर ओटीपी जाईल, तो सांगा."

"मालक मी आहे."

"इथं तुमचं नाव नाही."

"दिनानाथ आहे ना मधे? तो मी."

"मिस्टर आहात होय?" तो माणूस खरंच सहानुभूतीनं म्हणाला. "मिस्टरांना रकाना नाही यात."

ज्याच्या सहीशिवाय जप्त झालेली म्हैस खुंट्यावरून हलत नसे, त्याला स्वतःच्या गोठ्यातल्या गाईवर हक्क सांगता येईना. त्यांनी तिथूनच बायकोला संदेश पाठवला : आलेला ओटीपी तातडीने कळवणे. उत्तर नाही. पुन्हा पाठवला. उत्तर नाही. फोन केला तर लागेना. मग जावयाचा फोन आला. "बाबा, तुमचा फोन कुणी हॅक केलाय का? आईंना ओटीपी मागणारे मेसेज येतायत. त्यांनी तुमचा नंबर ब्लॉक केलाय."

इथे दिनानाथरावांना कुणालाच बोल लावता येईना. ओटीपी कुणालाही द्यायचा नाही, खुद्द मी मागितला तरी द्यायचा नाही, हे त्यांनीच सुचिताबाईंना जेवायला बसल्या बसल्या शिकवलं होतं. आणि उभ्या संसारात बाईंनी त्यांचं एवढं अक्षरशः काही ऐकलं असेल तर ते हेच. विम्याचं काम होतं, अशी थाप जावयाला मारून त्यांनी वेळ निभावली. पण ब्लॉक निघायला दोन दिवस लागले, कारण तो कसा काढायचा हे बाईंना ठाऊक नव्हतं आणि जावई ऑफिसात. त्या दोन संध्याकाळी दिनानाथराव फोन समोर ठेवून बसले. बंगळूरचा तो पंखासुद्धा त्यांना आठवत राहिला.

दवाखान्यातल्या डॉक्टर अमिषा मात्र दुसऱ्या दिवशी फेरीवर असताना आपणहून स्कूटर वाडीत घालून आल्या. "ओटीपी काय गाय देते होय," म्हणत त्यांनी केसरचं पोट दाबून पाहिलं, ताप पाहिला, कासेला शेक द्यायला सांगितला, औषध टोचून जेवढं निघेल तेवढं दूध काढलं. मग हात धुताना म्हणाल्या, "ताप नाही, काही नाही. झुरतेय ती, नाझरकाका. काकू कधी येणार?"

"अजून... बाळ लहान आहे."

"मग रोज असं टोचून नाही भागायचं. काकूंचा वास, काकूंची सवय, काहीतरी द्या तिला. नाहीतर कास सुजेल, एखादा सड कायमचा जाईल." आणि स्कूटरला चावी लावता लावता त्यांनी वळून बघितलं. "तुम्हीपण वाळलात हो काका."

दिनानाथरावांना हा वैद्यकीय अधिकाराचा अतिरेक वाटला. त्या गुरांच्या डॉक्टर होत्या.

वास द्यायचा तर आणायचा कुठून? सुचिताबाई जाताना कपाट असं लावून गेल्या होत्या की प्रत्येक साडीला डांबरगोळीचाच वास. मनुबाई कुंपणावरून ओरडल्या, "साडी कशाला धुंडता? गोठ्यात तिचा गाऊन हाय बघा खुंटीला!"

होता. जांभळ्या फुलांचा, एका खिशाचा, पाठीत थोडा उसवलेला. रोज दोन्ही वेळेला बाई तो चढवून, डोक्याला पंचा गुंडाळून धारेला बसत. दिनानाथरावांनी तो खुंटीवरून काढला. शेण, पेंड, खोबरेल तेल, आणि त्याखाली आणखी काहीतरी, ज्याला नाव नव्हतं पण जे या घरात सगळीकडे असे आणि आता नव्हतं. तो नाकाशी धरून ते जरा जास्तच वेळ उभे राहिले. हे केसरसाठी चाललं आहे, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

गाऊन आधी गव्हाणीवर टाकून पाहिला. केसरनं त्याचा खिसा चघळायला घेतला. "अंगात घाला, अंगात!" कुंपण ओरडलं. दिनानाथरावांनी फाटकाला कडी घातली, वाडीत सगळीकडे नजर फिरवली, पोफळींच्या मागेही बघून आले, आणि मग डोळे मिटून तो गाऊन डोक्यातून घातला. उंचीला तो त्यांच्या पोटऱ्यांपर्यंतच येत होता. डोक्याला पंचा गुंडाळला. बादली घेतली. केसरनं मान वळवली, लांब श्वास घेऊन त्यांना हुंगलं आणि खांद्यावर नाक टेकलं. एवढं ओलं, एवढं उबदार कुणी गेल्या कित्येक दिवसांत त्यांना टेकलं नव्हतं.

तिनं लाथ मारली नाही. पण दूधही दिलं नाही. नुसती उभी राहिली, कशाची तरी वाट बघत.

"बोला की!" मनुबाई म्हणाल्या. "सुचिता बोलायची तिच्याशी."

"काय बोलायची?"

एरवी चारही आळ्यांची खबर ठेवणाऱ्या मनुबाई भांडं उगाच दुसऱ्यांदा घासू लागल्या. "आता मी कशाला सांगू... तुमच्यावरच बोलायची."

"माझ्यावर?"

"व्हय. म्हनजे कसं, 'केसर, काल पुन्हा वाटाण्याची उसळ नको म्हनाले, मग काय, पापलेट येनार व्हतं का उडत?' असं. न्हायतर, 'केसर, नवी साडी नेसून पुढ्यात उभी राहिलं, मान वर केली न्हाय. त्या पेपरात काय गावतं गं यांना?' असं सगळं."

"रोज?"

"दोन्ही टायमाला. मी माझी भांडी त्याच येळेला काढतंय घासायला."

दिनानाथराव गोठ्यातल्या दगडावर बसले. एवढी वर्षं आपल्याच परसात, आपल्याविरुद्ध, दिवसातून दोनदा एकतर्फी सुनावणी चालू होती. प्रतिवादीला समन्स नाही, नोटीस नाही. गाय सगळं ऐकून घेत होती आणि शेजारीण दप्तर ठेवत होती. त्यांनी केसरकडे पाहिलं. केसरनं त्यांच्याकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं.

पण कास टणक होती, आणि डॉक्टरांचे शब्द डोक्यात होते. घसा साफ करून त्यांनी सुरुवात केली. "सदर इसमाने आज रोजी..."

"असं न्हाय," मनुबाई म्हणाल्या. "बायकोसारखं बोला."

बायकोसारखं म्हणजे कसं, हे आठवायला त्यांना डोळे मिटावे लागले. सुचिताबाई बोलताना आधी एक उसासा टाकत. त्यांनी उसासा टाकला. "केसर," ते हळूच म्हणाले, "आज पुन्हा पंखा चालू ठेवून बाहेर गेले बघ. वीज काय यांच्या वडिलांनी ठेवलीये? आणि ओला टॉवेल. पलंगावर. सांगून सांगून माझी जीभ झिजली गं, त्या माणसाच्या डोक्यात शिरत नाही..."

बादलीत धार वाजली.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, भास झाला. अंबाजीला करताना पाहिलं होतं तशी ते बोटं दाबत होते, ती दुखत होती, पण धार येत होती, मग दुसरी, मग लागोपाठ. "चप्पल कुठं काढतात माहितीये? दारात. म्हणजे येणाऱ्यानं आधी यांच्या चपलेला नमस्कार करायचा!" त्यांचा आवाज चढला. "आणि घोरतात!" बादली अर्धी झाली. कुंपणापलीकडे मनुबाई पदर तोंडात घालून बसल्या होत्या, त्या रडत होत्या की हसत होत्या ते निवडुंगातून दिसत नव्हतं.

त्या दिवसापासून नाझरसाहेब रोज सकाळ-संध्याकाळ जांभळा गाऊन घालून स्वतःविरुद्ध तक्रार नोंदवू लागले. केसर पेंड खाऊ लागली. सांगायची गोष्ट म्हणजे दिनानाथरावही दोन पोळ्यांवरून तीनवर आले. सकाळी पेपर पडून राही. माडांवरून ऊन खाली उतरेपर्यंत ते गोठ्याच्या दगडावर बसून केसरचं रवंथ बघत. तिच्या मानेखालच्या लोंबत्या पोळीवरून हात फिरवला की त्यांचाही श्वास संथ होई. फोनवर आता ते खरं सांगत, "दूध भरपूर." फक्त कसं, ते सांगत नसत.

काही दिवसांनी मात्र तक्रारी संपल्या. माणूस कितीही वाईट असला तरी त्याला मर्यादा असतात. मग बोलता बोलता ते नकळत स्वतःच्या बाजूनं बोलू लागले. "केसर, काल मला नुसता पंखा दिसला. मधे एकदा हात दिसला तिचा, पांघरूण सारखं करताना. बांगड्या काढून ठेवल्यात, बाळाला लागतील म्हणून. तो हात बांगड्यांशिवाय ओळखूच येईना गं." केसरला पक्ष बदललेला चालला. दूध तितकंच आलं.

इथपर्यंत सगळं घरातल्या घरात होतं. पण एका सकाळी विनेश कुंपणाशी उभा राहून हे सगळं ऐकत होता.

"काका," तो भारावून म्हणाला, "तुम्ही जे करता ना, त्याला थेरपी म्हणतात."

"याला धार काढणं म्हणतात," दिनानाथराव पंचा सोडत म्हणाले.

पण विनेशकडे ऐरोलीच्या एका कंपनीची माणसं येणार होती. थकलेली, झोप उडालेली, दिवसरात्र पडद्यासमोर बसणारी. निसर्गाच्या सहवासात मन हलकं करून देऊ, असं त्यानं त्यांना कबूल केलं होतं. त्याच्याकडे समुद्र होता, माड होते, पण जनावर म्हणून एक म्हैस होती आणि तिला माणसांची घृणा होती. दिनानाथराव नाहीच म्हणणार होते. पण संध्याकाळी वाडीत चार माणसांचे आवाज असतील, या विचारानं ते हो म्हणून बसले.

पहिली तुकडी आली ती गुणी निघाली. त्यातला एक जाडसर साहेब केसरच्या शेजारी बसला, तिच्या पोटाला पाठ लावून. थोड्या वेळानं सगळे चहाला गेले तरी तो उठेना. बघितलं तर गाढ झोपलेला. त्याची बायको हळूच म्हणाली, "झोपू द्या प्लीज. गोळीशिवाय झोपलेत." केसर तो उठेपर्यंत जागची हलली नाही. त्या दिवशी दिनानाथरावांना प्रथमच वाटलं, की आपण या जगात काही उपयोगाचे आहोत, निदान केसरचे मिस्टर म्हणून.

तिथेच थांबायला हवं होतं. पण विनेशनं निरीक्षण केलं होतं. गाय जवळ घेते ती गाऊनला. मग पाहुण्यांना गाऊन का नाही? त्यानं अलिबागच्या बाजारातून एकाच कापडाचे गठ्ठाभर गाऊन आणले, जांभळ्या फुलांचे, आणि कुणाला न सांगता पुढच्या तुकडीला वाटले.

सकाळची वेळ. पोफळींत धुकं. केसर नुकती धारेला उभी राहिली होती, दिनानाथराव उसासा टाकून "केसर, आज परत..." एवढं म्हणाले होते. तेवढ्यात पोफळींमधून जांभळ्या फुलांच्या गाऊनमधले सात जण, त्यांतले पाच मिशीवाले, हात पसरून शांतपणे पुढे आले.

आपली धनीण एकदम सात ठिकाणांहून येताना दिसली तर कुणाचंही डोकं फिरेल. केसरनं दावं तोडलं, बादली उलथली, फाटकाची कडी उखडली आणि ती शेपूट उभारून रस्त्याला लागली. मागे दिनानाथराव. त्यांच्या मागे विनेश. त्याच्या मागे कंपनी, कारण त्यांना वाटलं हा शिबिराचाच भाग आहे.

रेवदंड्याहून मासळी घेऊन येणाऱ्या बायका कडेला झाल्या. "अगो, सुचिता आली वाटतं बंगळूरवरून!" एक म्हणाली. "आनि मिशी कवा ठेवली तिनं?" दुसरी म्हणाली. दिनानाथरावांनी चालत्या एसटीला हात करून थांबवलं, गाय पार होऊ दिली आणि ड्रायव्हरकडे न बघता पुढे पळाले. गाऊन दोन्ही हातांनी वर धरावा तर पोटऱ्या दिसतात आणि सोडावा तर पायात येतो, हा निर्णय त्यांना धावता धावता प्रत्येक पावलाला नव्यानं घ्यावा लागत होता.

केसर थांबली ती रामेश्वराच्या पुष्करणीपाशी. पायऱ्या उतरून पाण्याला तोंड लावून उभी राहिली. दिनानाथराव धापा टाकत तिच्यापर्यंत पोहोचले, तुटलेलं दावं हातात घेतलं, आणि वरच्या पायरीवरून एक आवाज आला. ज्या आवाजाला ते अर्धं आयुष्य उभे राहत आले होते, तो आवाज.

"कोण, राऊत?"

त्यांचे जुने न्यायाधीश. निवृत्त, हातात पूजेची परडी, अंगात पांढरा सदरा. दिनानाथरावांचे पाय आपोआप जुळले. साहेबांपुढे जाताना कोटाचं वरचं बटण लावायची जन्माची सवय. हात गळ्याशी गेला. तिथे चेन होती. ती त्यांनी वर ओढली.

"जी साहेब."

साहेबांनी गाऊन बघितला, पंचा बघितला, गाय बघितली. मागून आलेले सात जणही बघितले. "हे काय, राऊत?"

जन्मभर कागदपत्रं नीट मांडणाऱ्या माणसाला त्या क्षणी एकच वाक्य सुचलं. "मिसेस बंगळूरला गेल्यात, साहेब."

विनेश मागे कुणालातरी हसू नका म्हणून दटावत होता. साहेब हसले नाहीत. ते जपून दोन पायऱ्या उतरले, आणि दिनानाथरावांनी, काय बोलून बसलो या घाईत, सगळंच सांगून टाकलं : पान्हा, गाऊन, उसासा, तक्रारी. साहेब ऐकत होते, निकालाआधी ऐकत तसे. मग त्यांनी परडी पायरीवर ठेवली आणि केसरच्या मानेवर हात ठेवला.

"आमच्या मंडळींना जाऊन दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "घरात सगळं नीट असतं. चप्पल कुठेही काढा, कुणी काही म्हणत नाही." हात तसाच राहिला. "तुमच्या मिसेस परत येणार आहेत ना?"

"येणार आहेत, साहेब."

"मग ठीक आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही तक्रार चालू ठेवा."

दिनानाथराव केसरला घेऊन रस्त्याच्या मधोमध चालत घरी आले. गाऊन लपवायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

विनेशनं गाऊन परत नेले आणि माफी मागितली. पण फोन खिशात ठेवणारी माणसं जगात राहिली नाहीत. पुष्करणीवरचा तो देखावा दुपारपर्यंत चौल फिरला, मग मनुबाईंच्या भाचीकडून साक्षीकडे गेला, आणि साक्षीकडून जिथे जायचा तिथे गेला.

त्या दिवशी फोनच आला नाही. दुसऱ्या दिवशीही उन्हं कलेपर्यंत नाही. आपण बाईंचं चारचौघांत हसं केलं, आता त्या बोलणार नाहीत, या धास्तीनं दिनानाथरावांच्या हातून पेंड दोनदा सांडली. ते धारेला बसले आणि फोन वाजला. व्हिडिओ नव्हता. साधा फोन.

"अहो."

"हं."

"केसर कुठं आहे?"

"समोर. धारच काढतोय."

"माझा गाऊन?"

"अंगात आहे."

"पाठीत उसवलाय तो," त्या म्हणाल्या.

"मनुबाईंनी टाका घातला."

"साक्षीची रजा संपतेय. बाळाला बघायला बाई मिळत नाही. मला अजून..." त्या थांबल्या. "पावसापर्यंत तरी राहावं लागेल."

लवकर ये. एवढंच म्हणायचं होतं. गेले कित्येक दिवस रोज सकाळ-संध्याकाळ ते गाईपुढे म्हणत होते आणि ते म्हणायला काही अवघड नव्हतं. पण फोनमध्ये ते म्हणाले, "राहा की. इथलं सगळं व्यवस्थित आहे."

"हो, बघितलं मी किती व्यवस्थित आहे ते," त्या म्हणाल्या, आणि आवाजात हसू होतं की दुसरं काही, कळलं नाही. "तेवढा केसरच्या कानाला लावा ना फोन. स्पीकर नको. तुम्ही ऐकू नका."

दिनानाथरावांनी फोन केसरच्या कानाशी धरला. ऐकायचं नाही म्हणून त्यांनी मान दुसरीकडे वळवली. पण सुचिताबाईंचा आवाज काही कानात मावणारा नव्हता.

आधी एक उसासा आला. "केसर," त्या म्हणाल्या, "इथं सगळी चांगली आहेत गं. जावई आपला कप आपण धुतात. कुणी काही चुकतच नाही. बोलू तरी कुणाबद्दल? दिवस दिवस तोंडातून शब्द निघत नाही. काल त्यांना बघितलं, त्या फोनमध्ये. केवढे वाळलेत. त्यांना सांगू नकोस, पण मी..."

केसरनं कान पाडला आणि फोन त्याखाली झाकला गेला. पुढचं सगळं तिच्यापाशीच राहिलं. आतून नुसती कुजबुज येत होती, संपत नव्हती. कुंपणापलीकडे मनुबाईंची भांडी केव्हाची थांबली होती, पण एवढ्या लांबून त्यांनाही काही कळत नसावं. दिनानाथरावांचा हात खांद्यापासून भरून आला. दुसऱ्या हातानं त्यांनी त्याला कोपराखालून आधार दिला, आणि फोन तसाच धरून उभे राहिले.